वांग्यातलं गंधक पकडताना: कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने थायॉल मोजण्याची कृती

दोन आठवडे आम्ही कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसच्या (सीई) यंत्राला शिव्या घालत होतो. केसासारख्या बारीक काचनळीत, म्हणजे कॅपिलरीत, विजेच्या ओढीने रेणू वेगळे करणारं हे यंत्र; रेणूंचा पट्टा डिटेक्टरसमोरून गेला की आलेखावर शिखर उमटतं. भरताच्या वांग्यात ग्लुटाथायोन (पेशींतला गंधक असलेला एक छोटा रेणू) किती आहे ते मोजायचं होतं. साधा एमएस्सीचा प्रकल्प. शुद्ध ग्लुटाथायोनचं शिखर सुईसारखं टोकदार यायचं आणि वांग्याचा अर्क लावला की त्या जागी सपाट रेघ. कॅपिलरी बदलली, दिवा बदलला, बफर तीनदा नव्याने केला. शेवटी काचसामान धुणारे आमचे परिचर खलातल्या तपकिरी लगद्याकडे पाहून म्हणाले, "चिरेल वांगं पान्यात नाही टाकलं त कायं पडीनच ना सर."

त्यांचं बरोबर होतं. आम्ही जे शोधत होतो ते यंत्रापर्यंत पोचतच नव्हतं, खलातच संपत होतं. म्हणून या लेखात यंत्राइतकीच जागा खलबत्त्याला दिली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या महाविद्यालयांतली मुलं असे प्रकल्प घेतात आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते.

आधी काय पकडायचं ते ठरवा

"गंधकाची संयुगं" हा शब्द फार ढिला आहे. आपण जी पद्धत वापरणार आहोत ती गंधक पकडत नाही, मोकळा थायॉल गट पकडते. म्हणजे रेणूच्या टोकाला गंधक आणि त्याला चिकटलेला हायड्रोजन. सिस्टीन, होमोसिस्टीन आणि ग्लुटाथायोन ही त्यातली ओळखीची नावं. मेथिओनिनमध्ये गंधक आहे, पण तो दोन कार्बनांच्या मध्ये अडकलेला, त्यामुळे तो दिसणार नाही. अखंड लसणातलं अ‍ॅलिन दिसणार नाही. थायमिन दिसणार नाही. मागे एका विद्यार्थ्याने लसणाचा वास आला म्हणून मोठं शिखर येईल असं गृहीत धरलं होतं. झालं उलटंच. लसूण ठेचला की अ‍ॅलिनचं अ‍ॅलिसिन होतं आणि अ‍ॅलिसिन जवळच्या थायॉलवर तुटून पडतं. लसणाच्या अर्कात बाहेरून ग्लुटाथायोन घातलं तर तेही कमी होतं. पहिल्याच खेपेला लसूण घेऊ नका.

सुरुवात पालकाने करा. हिरव्या पानांत ग्लुटाथायोन भरपूर असतं, ग्रॅमला काहीशे नॅनोमोल. सिस्टीन त्याच्या मानाने फार थोडं असतं आणि साध्या यूव्ही डिटेक्टरवर ते जेमतेम कडेला दिसतं, हे मनाशी धरूनच चला. पालक जमला की मग वांगं.

खूणचिठ्ठी का लावायची

ग्लुटाथायोन स्वतः प्रकाश शोषतं ते २०० नॅनोमीटरच्या आसपास, आणि तिथे अर्कातलं जवळपास सगळंच शोषतं. बाजारात पांढरा सदरा घातलेला माणूस शोधण्यासारखं ते आहे. त्यात सीईचा डिटेक्टर आडव्या कॅपिलरीतून आरपार पाहतो. ५० मायक्रोमीटरची कॅपिलरी म्हणजे प्रकाशाला मिळणारी वाट ५० मायक्रोमीटर, नेहमीच्या १ सेंटिमीटर क्युवेटच्या २०० पट कमी. आणि तिसरी अडचण म्हणजे थायॉल हवेत टिकत नाही. दोन रेणू एकमेकांचा हात धरून डायसल्फाइड होतात. तांबं किंवा लोह असेल तर आणखी लवकर.

डेरिव्हेटायझेशन, म्हणजे खूणचिठ्ठी लावणं, केलं की तिन्ही अडचणी एकदम हलक्या होतात. थायॉलवर असा गट बसवायचा जो वेगळ्या तरंगलांबीला चांगला शोषतो आणि ज्यामुळे थायॉलचं टोक बंद होतं.

अभिकर्मक बरेच आहेत. मोनोब्रोमोबायमेन स्वतः चमकत नाही, थायॉलला चिकटल्यावर चमकतं. आयोडोअ‍ॅसिटामिडोफ्लुओरेसिन ४८८ नॅनोमीटरच्या लेसरसाठी उत्तम, नॅनोमोलरपर्यंत उतरता येतं, पण लेसर डिटेक्टर असेल तरच त्याचा उपयोग. २-क्लोरो-१-मिथाइलक्विनोलिनियमचा क्षार ३५५ नॅनोमीटरला दिसणारं साधित (चिठ्ठी लागलेला रेणू) देतो आणि रक्तद्रवाच्या कामात तो चांगला चालतो. आपल्याकडच्या महाविद्यालयाला परवडणारं आणि बहुधा कपाटात आधीच पडलेलं म्हणजे डीटीएनबी, एलमनचा अभिकर्मक. एलमनने तो १९५९ मध्ये मांडला. पुढची सगळी कृती याच्यावर आहे.

डीटीएनबी म्हणजे मधोमध डायसल्फाइडने जोडलेली दोन सारखी अर्धुकं. थायॉल येऊन एक अर्धुक पकडतो, दुसरं सुटतं. सुटलेलं अर्धुक म्हणजे टीएनबी, तेच पिवळं. ४१२ नॅनोमीटरला जो पिवळा रंग आपण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजतो तो याचा. त्या मोजणीत सगळ्या थायॉलांची बेरीज मिळते, कोण किती ते कळत नाही. सीईमध्ये आपण टीएनबीकडे फार पाहत नाही, थायॉलला चिकटून राहिलेल्या अर्धुकाकडे पाहतो. ते मिश्र डायसल्फाइड ३२५ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं आणि प्रत्येक थायॉलचं वेगळं शिखर येतं.

द्रावणं

अर्कासाठी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात १ मिलिमोलर ईडीटीए (तांबं-लोह धरून ठेवणारा). पुस्तकांत ५ टक्के मेटाफॉस्फोरिक किंवा सल्फोसॅलिसिलिक आम्ल सांगतात. प्रथिनं खाली बसवायला ती जास्त चांगली, यात वाद नाही. पण सल्फोसॅलिसिलिक आम्ल यूव्हीत स्वतःच मोठं शिखर देतं. मेटाफॉस्फोरिक उदासीन करायला इतका अल्कली लागतो की नमुना खारट होतो, आणि सीईला खारट नमुना चालत नाही. हे माझं मत. एचपीएलसीवाला (दाबाखालची द्रव क्रोमॅटोग्राफी करणारा) दुसरं सांगेल.

ट्रिस बेस १ मोलर घ्या. पीएच लावायचा नाही, नुसता बेस पाण्यात विरघळवायचा.

डीटीएनबी १० मिलिमोलर: ३९.६ मिलिग्रॅम १० मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७. नुसत्या पाण्यात ते नीट विरघळत नाही. बाटलीला चांदीचा कागद गुंडाळा, फ्रिजमध्ये ठेवा, दर आठवड्याला नवं करा. गर्द पिवळं झालेलं द्रावण म्हणजे आपोआप फुटलेलं डीटीएनबी, ते टाकून द्या.

ग्लुटाथायोनचं मूळ द्रावण १० मिलिमोलर: ३०.७ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये, तेही त्याच आम्ल-ईडीटीएमध्ये. सिस्टीन हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेट असेल तर १७.६ मिलिग्रॅम. बाटलीवर निर्जल लिहिलं आहे की मोनोहायड्रेट ते वाचा.

या मूळ द्रावणाची ताकद वजनावरून धरू नका. ते पातळ करून डीटीएनबीबरोबर ४१२ नॅनोमीटरला तपासा. शोषणांक, म्हणजे १ मोलर द्रावणाचं १ सेंटिमीटर वाटेतलं शोषण, १४,१५०. समजा क्युवेटमध्ये ०.२८३ आलं, तर ०.२८३ भागिले १४,१५० म्हणजे २० मायक्रोमोलर. तुमच्या हिशोबाने २५ असायला हवं होतं, तर बाटलीतलं ग्लुटाथायोन जुनं झालं आहे. जुन्या प्रयोगवह्यांत १३,६०० हा आकडा दिसेल. तो एलमनचा मूळ आकडा, पुढे सुधारला गेला. दोघांनी दोन आकडे वापरले की चार टक्क्यांचा फरक उगाच पडतो आणि त्यावर भांडण होतं.

पाणी शुद्ध हवं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार सगळ्यांना माहीत आहे, पण बॅटरीच्या दुकानातलं "डिस्टिल्ड" सुद्धा इथे चालणार नाही. काचेच्या उपकरणात दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं किंवा अतिशुद्ध पाण्याच्या यंत्राचं घ्या.

अर्क: सगळा खेळ इथे

वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल भरपूर असतं आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ हे एन्झाइमही. अखंड वांग्यात दोघं वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. सुरी फिरली की भिंत फुटते. एन्झाइम हवेतला ऑक्सिजन घेऊन फिनॉलचं क्विनोन करतं. क्विनोन एकमेकांना जोडले गेले की तो तपकिरी रंग. पण त्याआधीच क्विनोन जवळच्या थायॉलला पकडतात, आणि फार झपाट्याने. ती जोडी सुटत नाही. मागाहून कितीही क्षपणक घाला, ते ग्लुटाथायोन परत मिळत नाही. म्हणजे लगदा तपकिरी दिसेपर्यंत तुमचं काम संपलेलं असतं.

भरीत करताना हा प्रश्न येत नाही, कारण वांगं अख्खं भाजतात आणि मग ठेचतात. उष्णतेने एन्झाइम आधीच निकामी होतं. आसोदा-बामणोदकडच्या पांढरट हिरव्या वांग्याचा भरताचा गर उजळ राहतो त्यामागे हेही एक कारण असणार. आपल्याला मात्र कच्चं वांगं मोजायचं आहे, त्यामुळे भाजण्याऐवजी आम्ल आणि थंडी वापरायची.

करायचं असं. १५ मिलिलिटरच्या नळीत ५ मिलिलिटर आम्ल-ईडीटीए आणि ५० मिलिग्रॅम पीव्हीपीपी घ्या. पीव्हीपीपी ही न विरघळणारी पूड फिनॉलं शोषून घेते. नळी बर्फात ठेवून तिचं वजन घ्या. आता वांग्याचा साधारण १ ग्रॅमचा तुकडा कापून लगेच, श्वास सोडायच्या आत म्हणा हवं तर, द्रव नायट्रोजनमध्ये टाका. खल आधीच नायट्रोजनने थंड केलेला हवा. पूड होईपर्यंत कुटा आणि ती गोठलेली पूडच थेट आम्लात ढकला. वितळू द्यायची ती आम्लाच्या आतच. नळीचं वजन पुन्हा घ्या, फरक म्हणजे तुमचा नमुना. आधी तुकडा तोलत बसलात तर तेवढ्यात तो काळा पडतो.

द्रव नायट्रोजन कुठून आणायचा हा प्रश्न दरवेळी येतो. तालुक्याला रेतमात्रा साठवायला पशुवैद्यकीय दवाखाने आणि दूध संघ तो वापरतात. विभागाचं पत्र घेऊन विचारा. आणताना झाकण घट्ट लावलेला थर्मास वापरू नका, वायू कोंडून तो फुटतो. मिळालाच नाही तर तुकडा बर्फगार आम्लाच्या पृष्ठभागाखाली धरून कात्रीने बारीक करा आणि होमोजिनायझर आम्लातच फिरवा. पालकाला हे पुरतं. वांग्यात थोडं नुकसान होतं.

एक इशारा. काळं पडू नये म्हणून मुलं सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात, कारण खाद्यप्रक्रियेच्या पुस्तकात तसं असतं. इथे ते विष आहे. सल्फाइट स्वतः डीटीएनबीशी थायॉलसारखंच वागतं. तुमचं सगळं डीटीएनबी खाऊन टाकेल आणि पिवळा रंग पाहून तुम्ही खूश व्हाल.

कुटून झालं की अर्काचा पीएच पट्टीने पाहा. २ च्या आसपास किंवा खाली हवा. भाजीचा स्वतःचा बफर आम्ल खातो, म्हणून हे पाहावंच लागतं. ४ अंशांवर १२,००० जी ला १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, वरचं स्वच्छ द्रावण घ्या आणि बर्फातच ठेवा. आम्लात थायॉल काही तास टिकतं. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

चिठ्ठी लावणं

४०० मायक्रोलिटर अर्क, त्यात ६० मायक्रोलिटर ट्रिस, मग लगेच ४० मायक्रोलिटर डीटीएनबी. एकूण ५०० मायक्रोलिटर.

आकडे असेच का? अर्कात ४० मायक्रोमोल आम्ल आहे, ट्रिस ६० मायक्रोमोल. ४० आम्लाला जातात, २० मोकळे राहतात, पीएच ७.८ च्या जवळ येतो. भाजीच्या स्वतःच्या आम्लांमुळे थोडा खाली सरकतो. डीटीएनबीवर हल्ला करतो तो हायड्रोजन सोडलेला थायोलेट. ग्लुटाथायोनच्या थायॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे थायॉल हायड्रोजन सोडतात तो) ८.८ च्या आसपास आहे, म्हणजे पीएच ५ ला तो जवळपास सगळा निद्रिस्त असतो. उलट पीएच ९ च्या पुढे गेलात तर डीटीएनबी पाण्यानेच फुटायला लागतं. ७.५ ते ८ ही सोयीची जागा. पट्टी बुडवू नका, काडीने थेंब लावून पाहा.

क्रमही महत्त्वाचा. ट्रिस घालून गप्पा मारत बसलात तर उदासीन झालेलं थायॉल हवेत सडायला लागतं. ट्रिस आणि डीटीएनबी यांत काही सेकंदांचंच अंतर ठेवा.

डीटीएनबी भरपूर जास्त हवं. ४० मायक्रोलिटरमध्ये ०.४ मायक्रोमोल आहे. अर्कात १०० मायक्रोमोलर थायॉल असलं तरी ते ०.०४ मायक्रोमोल, म्हणजे दहापट डीटीएनबी. कमी पडलं तर मोकळं राहिलेलं थायॉल तयार झालेल्या मिश्र डायसल्फाइडवरच हल्ला करतं आणि शिखर उतरत जातं. खोलीच्या तापमानाला १० मिनिटं अंधारात ठेवा. पुढे दोन-तीन तासांत यंत्रावर जायला हवं. एक फेरी २० मिनिटांची धरली तर तीस नमुने म्हणजे दहा तास. म्हणून सगळ्यांना एकदम चिठ्ठी लावायची नाही, सहा-सहाचा घाणा काढायचा.

याच वेळी दोन साक्षीदार तयार करा. पहिला कोरा: अर्काऐवजी नुसतं आम्ल. दुसरा, माझ्या मते सगळ्यात मोलाचा: अर्कात ट्रिसनंतर आधी एन-इथाइलमॅलेइमाइड घालून ५ मिनिटं थांबायचं आणि मग डीटीएनबी. मॅलेइमाइड थायॉलचं तोंड कायमचं बंद करतं. या नमुन्यात जे शिखर नाहीसं झालं ते थायॉलचं. जे जागेवर राहिलं ते दुसऱ्या कुणाचं.

कॅपिलरी आणि यंत्र

आतला व्यास ५० मायक्रोमीटर, एकूण लांबी ६० सेंटिमीटरच्या आसपास, साधी अनावृत सिलिका. खिडकी करायला लायटरच्या ज्योतीने ३-४ मिलिमीटर लेप जाळा आणि मिथेनॉल लावलेल्या कापसाने पुसा. जाळलेली जागा काचेच्या केसासारखी ठिसूळ असते. बसवताना वाकवली की गेली. आमच्याकडे पहिल्या वर्षी एका दिवसात चार गेल्या. टोकं कातरताना दाबून तोडू नका, एक ओरखडा काढून ओढा. टोक तिरकं असलं तर शिखराला शेपूट येतं आणि दोष बफरला जातो.

नवी कॅपिलरी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने ३० मिनिटं, पाण्याने १०, बफरने ३० मिनिटं धुवा. दोन फेऱ्यांच्या मध्ये ०.१ मोलर हायड्रॉक्साइड २ मिनिटं, पाणी २, बफर ३ मिनिटं.

बफर ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७, ०.२ मायक्रोमीटर गाळणीतून काढलेला. धन टोक नमुन्याकडे, २० किलोव्होल्ट, २५ अंश. प्रवाह ३५ ते ४० मायक्रोअँपिअरच्या आसपास राहतो. दर फेरीला हा आकडा वहीत लिहा. ७५ मायक्रोमीटरची कॅपिलरी लावली तर तोच प्रवाह सव्वादोन पट होतो आणि कॅपिलरी आतून तापते. प्रवाह मध्येच शून्यावर आला तर बुडबुडा, हळूहळू चढत गेला तर उष्णता. बफरच्या कुप्या दर पाच-सहा फेऱ्यांनी बदला, विद्युतविच्छेदनाने त्यांचा पीएच सरकतो. दोन्ही कुप्यांतली पातळी सारखी ठेवा, नाहीतर कॅपिलरी सायफनचं काम करते.

नमुना ५० मिलिबारने ५ सेकंद. या मापांना आत जातात साधारण ६.४ नॅनोलिटर. अख्ख्या कॅपिलरीत मावतात सुमारे १,१८० नॅनोलिटर, म्हणजे नमुना अर्धा टक्का. यापेक्षा फार वाढवलं तर शिखरं पसरतात. पसरलेलीच दिसत असतील तर नमुना निम्म्याने पाण्यात पातळ करून पाहा. नमुन्याची वाहकता बफरपेक्षा कमी असली की आयन सीमेवर गोळा होतात आणि शिखर आवळतं. पातळ करूनही उंची फारशी उतरली नाही असं होतं ते यामुळेच.

मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला हवं. जळगावात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा एसी असूनही दुपारची शिखरं सकाळच्या आधी येतात. तापमान एक अंश वाढलं की पाणी पातळ होऊन गती सुमारे २ टक्क्यांनी वाढते. यंत्र कॅपिलरीला थंड ठेवतं, पण तिची दोन्ही टोकं बाहेरच असतात. आम्ही त्या दिवसांत पहाटे सहाला यंत्र लावतो. वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला तर ती फेरी टाकून द्या. "मिनिटभरच गेली होती" म्हणून पुढे चालू ठेवू नका. व्होल्टेज नसताना पट्टे जागच्या जागी पसरत असतात.

शिखरं ओळखणं

पीएच ७ ला हिशोब सोपा आहे. व्होल्टेजमुळे कॅपिलरीतल्या अख्ख्या द्रवाला मिळालेला ओघ सगळ्यांना डिटेक्टरकडे ढकलतो आणि ऋण आयन उलट ओढ घेतात. म्हणून उदासीन रेणू आधी, कमी ऋण भाराचे नंतर, जास्त ऋण भाराचे आणि लहान अंगाचे सगळ्यात शेवटी. सिस्टीनच्या साधितावर एक ऋण भार आहे. ग्लुटाथायोनच्या साधितावर दोन, पण अंग मोठं, रेणुभार ५०४. उरलेल्या डीटीएनबीवर दोन, रेणुभार ३९६. टीएनबीवर दोन आणि अंग लहान. म्हणजे क्रम सिस्टीन, ग्लुटाथायोन, डीटीएनबी आणि शेवटी टीएनबी. आमच्याकडे ओघाची खूण, म्हणजे उदासीन रेणूंची जागा, पाचव्या मिनिटाच्या आसपास येते आणि सगळं विसाव्याच्या आत आटोपतं.

डायोड अ‍ॅरे (अनेक तरंगलांबी एकदम मोजणारा डिटेक्टर) असेल तर ३२५ आणि ४१२ दोन्ही नोंदवा. ४१२ ला उभं राहतं ते फक्त टीएनबी. ते शिखर पक्कं झालं की बाकीची जागच्या जागी बसतात.

अंतर्गत मानक (प्रत्येक नमुन्यात ठरल्या मापात घालायचा तुलनेचा पदार्थ) म्हणून एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन घ्यायचा मोह होतो. त्याचं साधित दोन ऋण भारांचं, रेणुभार ३६०. म्हणजे डीटीएनबीच्या भल्यामोठ्या शिखराच्या कुशीतच. घ्यायचंच असेल तर आधी एकट्याने चालवून पाहा.

वांग्यातला आमचा दुसरा मोठा घोटाळा इथला. अर्क सुधारल्यावर सिस्टीनच्या जागी सुंदर शिखर आलं. मुलगी आनंदाने आकडा घेऊन आली आणि आकडा अशक्य मोठा होता. एन-इथाइलमॅलेइमाइडवाला नमुना लावला, शिखर हललंसुद्धा नाही. डीटीएनबी न घालता अर्क लावला, तरी तिथेच. ते क्लोरोजेनिक आम्ल होतं. त्याचं शोषणही नेमकं ३२५ ला, भार एक ऋण, रेणुभार ३५४. पीव्हीपीपीने सगळं निघत नाही. उपाय सीईच्या वळणाचाच आहे: बफरमध्ये थोडं बोरेट मिसळून पीएच ८ करायचा. बोरेट शेजारशेजारच्या दोन हायड्रॉक्सिल गटांना धरतं, क्लोरोजेनिक आम्लाला जादा ऋण भार मिळतो आणि ते मागे पडतं. मागे पडून दुसऱ्याच्या अंगावर बसत नाही ना, हे शुद्ध क्लोरोजेनिक आम्ल चालवून पाहा.

हिशोब

ग्लुटाथायोनची मानकं १०, २०, ४०, ८० आणि १६० मायक्रोमोलर, सगळी आम्ल-ईडीटीएमध्ये, आणि अर्काप्रमाणेच ४०० मायक्रोलिटर घेऊन तीच कृती. असं केलं की चिठ्ठी लावतानाचं पातळ होणं दोन्हीकडे सारखं होतं आणि हिशोबातून गळून जातं.

शिखराचं क्षेत्रफळ तसंच वापरू नका, त्याला त्या शिखराच्या वेळेने भागा. सीईमध्ये उशिरा येणारा पट्टा खिडकीसमोरून हळू जातो, म्हणून त्याचं क्षेत्रफळ फुगलेलं दिसतं. एचपीएलसीवरून आलेले लोक हे हमखास विसरतात.

आलेखावर अर्कात ४० मायक्रोमोलर आलं असं समजा. पालकाचं १ ग्रॅम पान म्हणजे सुमारे ०.९ मिलिलिटर पाणी, म्हणून अर्काचं आकारमान ५ नव्हे, ५.९ मिलिलिटर. ४० गुणिले ५.९ म्हणजे ग्रॅमला २३६ नॅनोमोल. पानातलं पाणी विसरलात तर २०० येतं, पंधरा टक्के कमी.

मग परतफेड तपासा, आणि तीही दोन ठिकाणी. एका नमुन्यात ओळखीच्या मापाचं ग्लुटाथायोन कुटण्याआधी गोठलेल्या तुकड्यावर टाका. दुसऱ्यात तेवढंच तयार अर्कात टाका. दुसरं पूर्ण परत आलं आणि पहिलं निम्मंच आलं, तर चूक खलात. दोन्ही कमी आली तर चूक चिठ्ठी लावण्यात किंवा यंत्रात. आम्ही पहिल्या दिवशीच हे केलं असतं तर ते दोन आठवडे वाचले असते.

डायसल्फाइड हवं असेल तर

ऑक्सिडाइझ झालेला भाग मोजायला आधी क्षपण करावं लागतं, म्हणजे डायसल्फाइड फोडून पुन्हा थायॉल करावं लागतं. टीसीईपी किंवा डीटीटी हे नेहमीचे क्षपणक इथे नको, ते डीटीएनबीलाच फोडतात. सोडियम बोरोहायड्राइड घ्या, कारण काम झालं की आम्लाने ते मारता येतं. अर्काचा वेगळा भाग बर्फात ठेवून अल्कलीने पीएच ९ च्या वर न्या, ताजं बोरोहायड्राइड घाला, मग थेंबथेंब आम्ल, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. निघतो तो हायड्रोजन. धुराड्यात करा, जवळ बर्नर नको, नळीचं तोंड उघडं ठेवा. फेस फार आला तर ऑक्टेनॉलचा अगदी छोटा थेंब. पुढे नेहमीचीच कृती, फक्त क्षार वाढलेला असतो म्हणून नमुना जास्त पातळ करावा लागतो. एकूणमधून मोकळं वजा करा आणि दोनने भागा, कारण ऑक्सिडाइझ झालेल्या एका रेणूतून ग्लुटाथायोनचे दोन निघतात. सोबत शुद्ध ऑक्सिडाइझ्ड ग्लुटाथायोन चालवून क्षपण खरंच पूर्ण झालं का ते बघा.

दिवस संपताना

कॅपिलरी हायड्रॉक्साइडने, मग पाण्याने दहा मिनिटं धुवा आणि शेवटी हवा सोडून कोरडी करा. आमच्या उन्हाळ्यात टोकावरचा बफरचा थेंब रात्रीतून सुकून खडा होतो. सकाळी दाब लावला तरी पाणी पलीकडे येत नाही. तसं झालंच तर टोक कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग दाब द्या. तरी नाही मोकळं झालं तर टोकाचा अर्धा सेंटिमीटर कापा आणि नवी लांबी वहीत लिहा.